बोटाच्या मापाचं अंगुस्तान

घरातला शिवणाचा डबा उघडून पाहा. बहुधा तो बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा असतो. त्यात सुया असतात, रिळं असतात, जोडी हरवलेली बटणं असतात, हुक असतात, खडूचा तुकडा असतो. आणि तळाशी, कुणी फारसा हात न लावलेली, धातूची एक छोटी टोपी असते. अंगावर बारीक बारीक खड्डे असलेली. पोरं तिला बाहुलीचा पेला समजून खेळायला घेतात. मोठ्यांना तिचं नाव ठाऊक असतं, अंगुस्तान. पण ते बोटात घालून शिवणारी बाई आपल्या घरांत क्वचितच दिसते. शिंप्याच्या बोटात दिसतं, घरच्या बाईच्या बोटात नाही.

असं का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मी कविता लिहिते आणि दर वर्षी थंडीच्या आधी एखादी गोधडी शिवते. त्या निमित्तानं ओळखीच्या बायकांना विचारत गेले. उत्तर जवळजवळ एकच मिळालं. "घालून पाहिलं होतं, पण जमलं नाही. सैल झालं की गळून पडतं, नाहीतर बोट आवळतं." म्हणजे अंगुस्तान त्यांना नको होतं असं नाही. बोटाला बसेल असं मिळालं नव्हतं. आता पाहा, दुसऱ्याच्या मापाची चप्पल चावली म्हणून आपण जन्मभर अनवाणी चालायचं ठरवत नाही. आपल्या पायाची चप्पल शोधतो. अंगुस्तानाचंही तसंच आहे, आणि ते शोधायचं कसं हेच मला सांगायचं आहे.

पण आधी या शब्दाविषयी थोडंसं. फारसीत 'अंगुश्त' म्हणजे बोट. आमच्या घरात दखनी बोलतात, तिथे अम्मी 'अंगुश्ताना' म्हणायची. मराठीत त्याचंच 'अंगुस्तान' झालं. संस्कृतातला 'अंगुष्ठ' हाही याच कुळातला, फक्त तो अंगठ्यापुरता राहिला. जर्मन लोक या वस्तूला 'फिंगरहूट' म्हणतात, म्हणजे बोटाची टोपी. युरोपात एक झाड आहे, त्याची फुलं हुबेहूब अंगुस्तानासारखी दिसतात, म्हणून जर्मनीत त्या झाडालाही हेच नाव पडलं. लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्यानं १५४२ साली वनस्पतींवरचा आपला मोठा ग्रंथ छापला, तेव्हा या नावावरूनच त्यानं झाडाला लॅटिन नाव दिलं, 'डिजिटॅलिस'. पुढे याच जातीच्या झाडांपासून हृदयविकारावरचं डिजॉक्सिन हे औषध मिळालं. बोटाच्या टोपीचं नाव असं फिरत फिरत हृदयाच्या गोळीपर्यंत पोचलं.

आता गोधडीचा हिशोब मांडू. सांगली-कोल्हापूरकडे आम्ही तिला वाकळ म्हणतो. जुनी लुगडी, साड्या, धोतरं, चादरी एकावर एक अंथरून वरून खालून धावदोरा घालत जायचं, एवढीच तिची रीत. समजा, गोधडी सात फूट लांब आणि पाच फूट रुंद आहे. दोन ओळींमध्ये दोन सेंटिमीटरांचं अंतर आहे. एक टाका आणि त्यापुढची मोकळी जागा मिळून एक सेंटिमीटर धरू. अशा साधारण ७६ ओळी होतात आणि प्रत्येक ओळीत दोनशेच्या वर टाके. एका गोधडीत १६,००० टाके होतात. सुईवर एका वेळी चार टाके घेऊन मग ती पुढे ढकलली, तरी ४,००० वेळा सुईचा मागचा भाग बोटानं रेटावा लागतो. तोही चार-सहा पदर कापडातून.

आणि हा मागचा भाग केवढा? नेढ्याकडचं टोक जेमतेम एक मिलिमीटर जाडीचं. त्यावर आपण अर्धा किलो जोर लावला असं धरलं, तर बोटाच्या तेवढ्याशा जागेवर पडणारा दाब चौरस सेंटिमीटरला ६० किलोंच्या वर जातो. मोटारीच्या चाकातल्या हवेचा दाब याच मापात दोन किलोंच्या आसपास असतो. म्हणजे तीसपट दाब, आणि तो कातडीच्या एका ठिपक्यावर. अंगुस्तान काही जादू करत नाही. तोच अर्धा किलो जोर ते बोटाच्या अख्ख्या शेंड्यावर पसरवून देतं. मग चौरस सेंटिमीटरला अर्धा किलोसुद्धा पडत नाही. बोटाला कळतं ते एवढंच, की काहीतरी टेकलंय.

तरीही आपल्याकडे बोट सोलवटून घेण्याचं कौतुक आहे. बोटाला घट्टा पडला की काम शिकलं, असं म्हणतात. आमच्या शेजारी एक मावशी आहेत, त्या ऑर्डरवर गोधड्या शिवून देतात. त्यांच्यापुढे मी पहिल्यांदा अंगुस्तान काढलं तेव्हा हसल्या. म्हणाल्या, "अगं, बोटाला टोपी घालून कुणी गोधडी शिवतं का? आमच्या सासूबाईंनी शंभर वाकळा शिवल्या, नुसत्या बोटानं." मी म्हटलं, "मावशी, त्यांचं बोट दुखलं नसेल का?" त्यावर त्या गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दुखत असणारच. पण सांगायचं कुणाला?"

पुढच्याच वर्षी मावशींच्या मधल्या बोटाच्या नखाशी सुई घुसली आणि नखुरडं झालं. बोट सुजलं, पू झाला, डॉक्टरांकडे जावं लागलं. तीन आठवडे सुई हातात धरता आली नाही. लग्नसराईची दोन कामं परत करावी लागली. ज्यांची मजुरी बोटावर चालते त्यांच्यासाठी तीन आठवडे म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. मला वाटतं, सोसणं आणि कसब या दोन गोष्टींची आपण गल्लत केली आहे. टाका सरळ आणि एकसारखा पडणं हे कसब. बोटातून रक्त येणं हे कसब नव्हे.

आता शोध कसा घ्यायचा ते पाहू. दुकानात जाण्याआधी घरी एक साधी परीक्षा करा. बोटात काहीही न घालता पाच-सहा टाके घाला आणि मग बोट उजेडात धरा. सुईच्या मागच्या टोकानं कातडीवर एक ठिपका उमटलेला दिसेल. तो कोणत्या बोटावर आहे आणि बोटाच्या कोणत्या भागावर आहे, ते नीट पाहा. बहुतेकांचं ते मधलं बोट असतं, पण काही जणी अनामिकेनं किंवा तर्जनीनंही रेटतात. तुमचं बोट ज्या जागेनं रेटतं, त्या जागेला संरक्षण हवं. सगळी निवड या एका ठिपक्यावर ठरते.

ठिपका अगदी शेंड्यावर असेल, तर वरून बंद असलेली नेहमीची टोपी घ्यावी. तिच्यातही फरक असतो. काहींचा माथा गोल असतो, त्यावरून सुई घसरते. काहींचा माथा सपाट असतो आणि त्याला कड असते. कडेमुळे सुई अडून राहते, म्हणून गोधडीसारख्या जाड कामाला ही दुसरी बरी.

ठिपका शेंड्याच्या बाजूला, नखाच्या कडेला असेल, तर शिंप्याचं अंगुस्तान घ्यावं. त्याला माथा नसतो, ते दोन्हीकडून उघडं असतं. शिंपी मधलं बोट वाकवून त्याच्या कडेनं सुई रेटतो. त्यामुळे त्याच्या बोटाचा शेंडा मोकळा राहतो, कापडाचा पोत हाताला कळतो, वारा लागतो. ज्यांची नखं लांब आहेत, त्यांनाही हेच सोयीचं. पुष्कळ बायकांना बंद टोपी जमत नाही, कारण त्यांची रेटण्याची सवय शिंप्यासारखी असते आणि हातात आलेली वस्तू मात्र वेगळ्या सवयीची असते.

ठिपका पहिल्या पेराच्या गादीवर, म्हणजे जिथे बोटाचा ठसा उमटतो तिथे असेल, तर कातडी अंगुस्तान पाहावं. ते मऊ असतं आणि बोटाबरोबर वाकतं. काहींत गादीच्या जागी धातूची छोटी चकती बसवलेली असते. नुसत्या कातड्याला कालांतरानं भोक पडतं, चकतीवाल्याला लवकर पडत नाही.

आणि ठिपका याहूनही खाली, बोटाच्या मुळाकडे असेल, तरी घाबरू नका. जपानमध्ये तशीच रीत आहे. तिथे मधल्या बोटात अंगठीसारखं रुंद कडं घालतात. लांब सुई घेऊन तिच्यावर कापडाच्या चुण्या गोळा करत जातात आणि सुईचं मागचं टोक त्या कड्याला टेकवून ठेवतात. कानाझावा शहरात किमोनो शिवणाऱ्या बायका उरलेल्या रेशमी धाग्यांनी अशी कडी विणत. ती इतकी देखणी असतात की आता लोक ती नुसती शोभेसाठीही करतात. आपल्याकडे गोधडीची लांब सुई वापरणाऱ्या काही बायका नकळत याच पद्धतीनं रेटतात. त्यांना टोपी निरुपयोगी वाटते यात नवल नाही. त्यांना कडं हवं असतं.

जागा ठरली की मग माप. अंगुस्तानांवर क्रमांक असतात, पण एका कंपनीचा क्रमांक दुसरीच्या क्रमांकाशी जुळेलच असं नाही. म्हणून कटलरीच्या किंवा शिवणसाहित्याच्या दुकानात जाऊन बोटात घालूनच घ्यावं. घातल्यावर हात खाली सोडून हलका झटका द्या. गळून पडलं तर ते सैल आहे. मग काढून पाहा. ओढाताण करावी लागली, तर घट्ट आहे. बंद टोपी असेल तर बोटाचा शेंडा आत माथ्याला जेमतेम टेकला पाहिजे. मध्ये पोकळी राहिली तर प्रत्येक टाक्याला टोपी मागे सरकेल, आणि शेंडा दाबला गेला तर नख दुखेल. दहा मिनिटं बोटात ठेवा. बोट पांढरं पडलं, मुंग्या आल्या किंवा काढल्यावर खोल वळ दिसला, तर ते तुमचं नव्हे.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. बोट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. उन्हाळ्यात आणि काम करून झाल्यावर ते थोडं फुगतं, थंडीत सकाळी बारीक होतं. हातातली अंगठी कधी सैल, कधी घट्ट वाटते ते यामुळेच. म्हणून अंगुस्तान घ्यायला दुपारी जावं, आणि जमलं तर मापाचा थोडा फरक असलेली दोन घ्यावीत. ज्यांना संधिवात आहे, ज्यांचं पेर जाड आणि शेंडा बारीक झाला आहे, त्यांना धातूची टोपी पेरावरून जाणं कठीण होतं. त्यांनी बाजूनं चीर असलेलं, दाबून लहानमोठं करता येणारं किंवा कातडी अंगुस्तान पाहावं.

मग येतो धातूचा प्रश्न. पितळ चांगलं, पण घामानं काळं-हिरवं पडतं, काम झाल्यावर पुसून ठेवलं की झालं. पोलाद टिकाऊ. स्वस्त मुलाम्याच्या अंगुस्तानात निकेल असलं तर काहींच्या बोटाला खाज सुटते, पुरळ येतं. तसं झालं तर धातू बदलावा, शिवण सोडू नये. प्लॅस्टिकचं हलकं असतं, पण जाड सुईपुढे टिकत नाही. चांदीची गोष्ट मजेशीर आहे. युरोपात चांदीचं अंगुस्तान भेट म्हणून देत. पण चांदी मऊ, पोलादी सुई तिच्यातून आरपार जाई. इंग्लंडमधल्या हॅलिफॅक्स गावचे सोनार चार्ल्स हॉर्नर यांनी यावर तोड काढली. चांदीच्या दोन थरांमध्ये पोलादाचा थर घातला आणि १८८४ साली त्याचं पेटंट घेतलं. 'डॉर्कस' या नावानं ती अंगुस्तानं खूप खपली. यातून आपण घ्यायचं ते एवढंच, की वस्तू दिसते कशी यापेक्षा सुई तिला भेदते का, हे आधी पाहावं. दुकानात अंगुस्तानाच्या खड्ड्यांवर सुईचं मागचं टोक टेकवून आडवं दाबा. सुई अडून राहिली तर खड्डे पुरेसे खोल आहेत. घसरली तर ते अंगुस्तान बाहुलीच्या पेल्यासाठी ठीक.

यातलं काहीच बोटाला मानवलं नाही, तर घरी करा. कोरियात बायका कापडाचंच अंगुस्तान करत, त्याला 'गोल्मू' म्हणतात. कापडाचे कितीतरी थर खळीनं चिकटवून कडक करायचे, अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन तुकडे कापायचे आणि कडेनं शिवून टाकायचे. ते तर्जनीत घालतात. मला ही कल्पना फार आवडली, कारण ती बोटाची गोधडीच झाली. आपल्याकडे जुन्या पर्सचं किंवा हातमोज्याचं मऊ कातडं मिळतं. कागदाची पट्टी पहिल्या पेराभोवती गुंडाळून घेर मोजा. घेराच्या निम्म्याहून सहा-सात मिलिमीटर जास्त रुंदीचे, वरून गोल असे दोन तुकडे कापा. तीन बाजूंनी शिवा. शिवण बाहेरच राहू द्या, उलटवून आत घेतली तर ती बोटाला टोचते. मावशींना अखेर असंच एक बसलं. त्यांनी रेटण्याच्या जागी आतून कातड्याचा आणखी एक तुकडा लावून घेतला. ही त्यांची स्वतःची सुधारणा.

अंगुस्तान बोटात आलं तरी पहिले काही दिवस हात अडखळतो. डाव उलट्या हातानं धरल्यासारखं वाटतं. तेव्हा पहिल्याच दिवशी मोठं काम काढू नये. रोज पंधरा मिनिटं, एखाद्या जुन्या फडक्यावर धावदोरा घालावा. सुई अंगठा आणि तर्जनी यांच्यात नुसती धरायची, ढकलायचं काम मधल्या बोटाचं. चिमटीनं ओढून सुई बाहेर काढताना ती निसटत असेल, तर नोटा मोजताना घालतात ती रबरी टोपी तर्जनीत घालावी किंवा सायकलच्या ट्यूबचा छोटा तुकडा जवळ ठेवावा. गोधडीखालच्या हाताचंही विसरू नका. सुईचं टोक खाली आलं की ते त्या हाताच्या बोटाला टोचून कळतं. तिथे चिकटपट्टीचे दोन वेढे किंवा पातळ कातडं पुरतं. आणि सुई बोथट झाली की बदलावी. बोथट सुईला जोर जास्त लागतो, आणि तो शेवटी बोटावरच येतो.

ज्यांना मधुमेह आहे त्यांना मात्र मी आग्रहानं सांगेन. या आजारात बोटांची जाणीव कमी होऊ शकते, टोचलेलं कळत नाही, आणि झालेली जखम लवकर भरत नाही. त्यांच्यासाठी अंगुस्तान ही हौस नव्हे. काम झाल्यावर हात धुवावेत, बोटं उजेडात नीट पाहावीत. नखाशी लाली, ठणका किंवा सूज दिसली तर घरगुती उपायांत दिवस न घालवता डॉक्टरांना दाखवावं.

आता गावोगावचे बचत गट गोधड्या शिवून विकतात, शहरांतून त्यांना मागणीही असते. त्यांच्या हिशोबात कापड, दोरा, सुया, गाडीभाडं सगळं धरलेलं असतं. त्यात प्रत्येकीच्या बोटाचं एकेक अंगुस्तान धरावं. मात्र एकाच मापाची डझनभर आणून वाटू नयेत, नाहीतर तीही डब्याच्या तळाशीच जातील. ब्लाऊजला अस्तर जुळवायचं तर आपण कापड बरोबर नेतो. अंगुस्तान घ्यायचं तर जिच्यासाठी घ्यायचं तिला बरोबर न्यावं, दुकानात दोन मिनिटं उभं राहून तिला घालून पाहू द्यावं, आणि बोटाला काय वाटतं ते तिलाच सांगू द्यावं.